कोटिंग की स्लीव्ह? भांडुपच्या गॅरेजमधलं एक प्रकरण

झिजलेल्या सिलिंडरला नवं कोटिंग चढवायचं की आत बिडाची स्लीव्ह, म्हणजे नळी, घालायची, याचं हे प्रकरण. मालकाच्या परवानगीने लिहितोय. त्याची ओळख पटेल असे तपशील बदललेत. मोजमापं मात्र माझ्या वहीतली जशीच्या तशी आहेत, त्यात माझी चूक दिसते ती ठिकाणंसुद्धा.

पार्श्वभूमी

गाडी २०१८ ची केटीएम ३९० ड्यूक. ३७३ सीसी, एकच सिलिंडर, ८९ मिमी बोअर (सिलिंडरचं भोक), ६० मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव). मीटरवर ३८ हजार किलोमीटर. मालक मुलुंडचा, वय २९, ऑफिस विक्रोळीला. रोजचं जाणं-येणं एलबीएस मार्गावरून, आणि वर्षातून एक-दोनदा चेन्नईजवळच्या ट्रॅकवर गाडी पळवायला जाणं. ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) रीमॅप केलेला, सायलेन्सर बदललेला, एअर फिल्टर 'फ्री-फ्लो', म्हणजे जास्त हवा सोडणारा. ट्रॅकवर इंजिन सरळ दहा हजार आरपीएमला जायचं. ६० मिमीच्या स्ट्रोकला दहा हजार म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २० मीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

डिसेंबर २०२३ च्या पहिल्या आठवड्यात तो माझ्याकडे आला. सोबत एक खोकं होतं. त्यात बाहेरून मागवलेला फोर्ज्ड (ठोकून घडवलेला) पिस्टन, हाय कॉम्प्रेशनचा, ८९ मिमी स्टँडर्ड साइज.

"दादा, गाडी तेल पितेय. तसंही इंजिन खोलायचंच आहे, तर हा पिस्टन टाकून टाकू."

मी गाडी चालू केली. गरम झाल्यावर ॲक्सिलरेटर सोडला की मागून निळा धूर. तो म्हणाला, सातशे-आठशे किलोमीटरला लिटरभर तेल जातं. लीक-डाउन टेस्ट लावली, म्हणजे सिलिंडरात दाबाने हवा भरून किती गळते ते पाहिलं, तर २८ टक्के. चांगल्या इंजिनाला हा आकडा पाच ते दहामध्ये असतो. ऑइल फिलरचं झाकण काढून कान लावला तर आतून फुसफुस ऐकू येत होती, म्हणजे हवा पिस्टनच्या रिंगांवरून खाली जात होती.

पिस्टन आधी आणि बोअरचं माप नंतर, हा उलटा क्रम इथेच सुरू झाला. मी तेव्हा त्याला काही बोललो नाही.

बिघाड नेमका काय होता

हेड काढलं. बोअरच्या इनटेककडच्या बाजूला वरून खाली उभ्या रेघा, केसांसारख्या बारीक. त्यातली एक मात्र नखाला लागत होती.

या सिलिंडरात लायनर, म्हणजे आतली वेगळी नळी, नसतो. ॲल्युमिनियमच्या बोअरवर थेट निकासिल जातीचं कोटिंग असतं. निकेलचा थर आणि त्यात रुतलेले सिलिकॉन कार्बाइडचे बारीक कण. जर्मनीच्या माहले कंपनीने हे १९६७ साली व्हँकेल रोटरी इंजिनासाठी काढलं, मग ते पोर्शच्या ९१७ रेस कारमध्ये गेलं आणि तिथून मोटरसायकलींत आलं. थर किती जाड? होनिंगनंतर (दगडाने घासून माप आणल्यावर) उरतो तो साधारण ०.०५ ते ०.०८ मिमी. आपल्या केसाएवढा.

आता मुद्दा असा, की वाळूचा कण निकेलपेक्षा कडक असतो आणि सिलिकॉन कार्बाइडपेक्षा मऊ. त्यामुळे धूळ आत गेली की कार्बाइडचे कण टिकतात, पण त्यांना धरून ठेवणारं निकेल घासलं जातं. धरणारं गेलं की कण सुटतात, आणि सुटलेले कण मग स्वतःच पॉलिश पेपरचं काम करतात. कोटिंग 'निघालं' असं लोक म्हणतात. बहुतेक वेळा ते कोणीतरी काढलेलं असतं.

धूळ कुठून आली ते शोधायला पाच मिनिटं लागली. फ्री-फ्लो फिल्टर एअरबॉक्समध्ये नीट बसतच नव्हता. रबरी ओठाला एका कोपऱ्यात दोन मिमीची फट होती. थ्रॉटल बॉडीच्या, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या वाटेच्या, आतून बोट फिरवलं तर बोटावर करडी, तेलकट रवाळ पूड. एलबीएस मार्गावर मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून त्या पट्ट्यातली हवा कशी असते हे मुलुंड-भांडुपकरांना सांगायला नको. त्या हवेतलं सिमेंट आणि वाळू दोन वर्षं या इंजिनाने गिळली होती.

डायल बोअर गेजने सहा ठिकाणी माप घेतलं. खाली ८९.०१, वर रिंग थांबते तिथे ८९.०७. सहा शतांश म्हणजे फार नाही असं वाटतं. पण व्यास ०.०६ ने वाढला की परीघ ०.१९ ने वाढतो आणि ती सगळी वाढ रिंगच्या फटीत जाते.

नखाला लागणारी रेघ कोटिंगच्या आरपार गेली आहे का, हा खरा प्रश्न होता. त्यासाठी जुना उपाय केला. कॉस्टिक सोड्याचं पाणी इअरबडला लावून रेघेवर टेकवलं. निकेलला कॉस्टिक काही करत नाही, उघड्या ॲल्युमिनियमवर मात्र लगेच फेस येतो. तीन-चार सेकंदांत रेघेच्या वरच्या टोकाला, साधारण दीड सेंटीमीटर लांबीत, बारीक बुडबुडे आले. लगेच पाण्याने धुऊन टाकलं. मालक मोबाइलवर शूटिंग करत होता, त्याने शूटिंग थांबवलं.

समोर आलेले पर्याय

पहिला, कंपनीकडून नवा सिलिंडर. तो पिस्टनसकट जोडीने मिळतो. डीलरने तीन ते चार आठवडे सांगितले.

दुसरा, जुनं कोटिंग उतरवून नवं चढवून घेणं. मुंबईत खात्रीचं कोणी मला माहीत नव्हतं. दक्षिणेत रेसिंगवाल्यांची कामं करणारा एक वर्कशॉप होता. तिकडे सिलिंडर आणि पिस्टन दोन्ही पाठवायचे, ते पिस्टनच्या मापाने होनिंग करून देणार. मुदत तीन आठवडे, 'साधारण'.

तिसरा, स्लीव्ह. बोअर मोठा करून त्यात बिडाची नळी बसवायची आणि ती ८९ ला आणायची. साकीनाक्याच्या गाळ्यात चार दिवसांचं काम.

रकमा देत नाही, भाव वर्षागणिक बदलतात. प्रमाण सांगतो. स्लीव्हचा खर्च एक धरला तर कोटिंग अडीच आणि नवी जोडी साडेतीन.

आमचे लेथवाले काका स्लीव्हच्या बाजूचे. तरुणपणी गिरणीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते, १९८२ च्या संपानंतर साकीनाक्याला आले ते तिथलेच झाले. रिक्षा, टेम्पो, जुन्या बुलेट, डिझेल पंप, सगळ्यांचे ब्लॉक त्यांच्या हाताखालून गेलेत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "बीड ते बीड. उद्या झिजलं तर पॉइंट पाच मोठा पिस्टन टाक, परत बोअर मार. तुझ्या त्या मुलाम्याला काय करणार? घासला की गेला."

त्यात तथ्य आहे. बिडाच्या स्लीव्हची डागडुजी कुठल्याही तालुक्याच्या गावी होते. कोटिंगला डायमंडचे होनिंग स्टोन लागतात, साध्या दगडाने ते काम होत नाही.

पण बीड ॲल्युमिनियमच्या पोटात बसवलं की दोन गोष्टी होतात. एक, उष्णता. बिडातून उष्णता ॲल्युमिनियमच्या जेमतेम एक-तृतीयांश वेगाने वाहते, शिवाय स्लीव्ह आणि ब्लॉक (सिलिंडरचं ॲल्युमिनियमचं अंग) यांच्यातला सांधा हा आणखी एक अडथळा. कोटिंग केसाएवढं असल्याने त्याचा अडथळा नसल्यात जमा.

दुसरी, प्रसरण, आणि ही जास्त त्रासाची. ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. आमच्या स्लीव्हचा बाहेरचा व्यास ९४ मिमी येणार होता. इंजिन ३० अंशांवरून ११० वर गेलं की ब्लॉकचं भोक ०.१६ ते ०.१७ ने वाढणार, स्लीव्ह ०.०८ ने. म्हणजे थंड असताना ०.०८ घट्ट बसवलेली स्लीव्ह गरम इंजिनात हिशेबाने सैलच. प्रत्यक्षात स्लीव्ह ब्लॉकपेक्षा जास्त तापते म्हणून थोडी पकड राहते, पण त्या भरवशावर दहा हजार आरपीएमचं इंजिन बांधायचं नाही. काकांच्या रिक्षा-टेम्पोच्या अनुभवात हा प्रश्नच नव्हता, कारण तिथे ब्लॉकही बिडाचा, दोघं सारखेच फुगतात.

मालकाने इंटरनेटवर वाचून आणखी एक शंका काढली. "निकासिल पेट्रोलने खराब होतं ना?" झालं होतं, नव्वदच्या दशकात, बीएमडब्ल्यू आणि जग्वारच्या व्ही-८ इंजिनांत. तेव्हाच्या पेट्रोलमधल्या गंधकामुळे. बीएमडब्ल्यूने पुढे कोटिंग सोडून जास्त सिलिकॉनचं ॲल्युमिनियम घेतलं. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ पेट्रोल आहे, त्यात गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त दहा. ती भीती यादीतून काढून टाकली.

पहिला निर्णय

कागदावर मांडलं असतं तर नवी जोडी किंवा कोटिंग, यातलं एक निघालं असतं. निर्णय कागदावर झाला नाही. दोन गोष्टींनी तो आधीच करून टाकला होता.

एक म्हणजे तारीख. जानेवारी २०२४ च्या मध्याला ट्रॅक-डे होता, पैसे भरलेले, परत मिळणार नव्हते. आमच्या हातात जेमतेम पाच आठवडे. त्यात रनिंग-इन, म्हणजे नवं बांधलेलं इंजिन सावकाश चालवून रुळवणं, धरायचं.

दुसरं ते खोकं. नवी जोडी घेतली तर पिस्टनचे पैसे दोनदा जाणार. "पिस्टन आहे की माझ्याकडे, परत पिस्टनला कशाला पैसे घालू?" यावर माझ्याकडे चांगलं उत्तर होतं. नव्या सिलिंडरमध्ये त्याचाच फोर्ज्ड पिस्टन बसला असता, जोडीतला विकता आला असता. मी ते पुरेशा जोराने बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही स्लीव्ह करून बघायची होती. या इंजिनाला मी आधी कधी केली नव्हती.

ठरलं, स्लीव्ह.

आज वही चाळताना एक प्रश्न त्या दिवशीच्या पानावर कुठेच दिसत नाही: यातलं कोणतं काम चुकलं तर मागे फिरता येतं? कोटिंग फसलं तर ते उतरवून पुन्हा चढवता येतं, किंवा नंतर स्लीव्ह घालता येते. स्लीव्हसाठी एकदा बोअर ९४ ला नेला की केसाएवढ्या थराने ती पाच मिमीची पोकळी भरत नाही.

स्लीव्हचं काम

स्लीव्ह वरून कॉलरची, म्हणजे वरच्या टोकाला बाहेर आलेली कड असलेली, भिंत अडीच मिमी. इंटरफिअरन्स, म्हणजे स्लीव्ह भोकापेक्षा जितकी मोठी ठेवायची ते माप, काकांनी सवयीने पॉइंट झिरो पाच धरला होता. मी प्रसरणाचा हिशेब मांडून दाखवला, त्यांनी चष्मा कपाळावर नेऊन आकडे दोनदा वाचले आणि पॉइंट वन केला. इथे भांडण झालं नाही. उलट त्यांनी शेजारच्या पावडर कोटिंगवाल्याची भट्टी स्वतः ठरवून दिली.

ब्लॉक २०० अंशांवर, स्लीव्ह ड्राय आइसमध्ये. भट्टीतून ब्लॉक काढला, स्लीव्ह चिमट्याने धरून भोकावर सोडली. 'टक्' असा आवाज येऊन ती कॉलरपर्यंत गेली. काकांनी लाकडी ठोकळा ठेवून मिनिटभर तळहाताने दाबून धरली. मग चहा आला.

त्या चहाकडे मी परत येणार आहे.

संध्याकाळी बोअर मारून ८९ ला आणला, होनिंग केलं. वरचा पृष्ठभाग फेसिंग करून कॉलर आणि ब्लॉक एका पातळीत आणले. काका म्हणाले, रात्रभर राहू दे, उद्या फेसिंग करतो. मी म्हणालो, "काका, आजच द्या ना. रनिंग-इनला दिवस कमी पडतायत." टॉर्क प्लेटही वापरली नाही. हेड कसल्यावर बोअर जसा किंचित वाकडा होतो तसाच तो होनिंगच्या वेळी वाकडा राहावा म्हणून हेडच्या जागी एक जाड लोखंडी प्लेट बोल्टने कसतात, ती टॉर्क प्लेट. बनवायला एक दिवस लागला असता.

क्लिअरन्स, म्हणजे पिस्टन आणि बोअर यांच्यातली मोकळी जागा, ०.०७ ठेवला. पिस्टनच्या कार्डावर कोटिंगच्या बोअरसाठी ०.०५ होता. पण बिडाचा बोअर कमी फुगतो आणि पिस्टन तेवढाच फुगतो, म्हणून दोन शतांश वाढवले. सिलिंडर भाजीच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला तर पहिल्यापेक्षा तीनशे ग्रॅमने जड भरला.

बांधलं, चालवलं. ६०० किलोमीटरला लीक-डाउन ९ टक्के. धूर नाही. सगळे खूश.

चेन्नईला काय झालं

पहिलं सेशन छान. दुसऱ्या सेशनला, दुपारी, आठव्या-नवव्या लॅपला गाडीचा दम कमी झाला आणि टेंपरेचरचं माप वर सरकलं. मालक पिटमध्ये आला, तिथून त्याने मला व्हिडिओ पाठवला. कूलंटच्या बाटलीत बुडबुडे, सोडा फोडल्यासारखे. मी फोन करून एवढंच म्हणालो, आता स्टार्टरला हात लावू नकोस. गाडी टेम्पोने परत आली.

हेड काढलं. सरळपट्टी आणि फीलर गेज लावून पाहिलं तर एक्झॉस्टच्या बाजूला कॉलर ब्लॉकच्या खाली ०.०५ ने गेली होती. नेमकं तिथेच गॅस्केटवर काजळीची वाट उमटलेली. दाब तिथून पाण्यात शिरत होता.

स्लीव्ह का बसली, म्हणजे खाली का गेली, याचं उत्तर ती काढल्यावर मिळालं. ब्लॉक पुन्हा २०० अंशांवर तापवून उलटा धरला, स्लीव्ह आपली आपण उतरली. कॉलर जिथे टेकते त्या खाचेला निळा रंग लावून कॉलर टेकवून पाहिली. रंग अर्ध्या गोलात लागला, अर्धा गोल कोरा. त्या कोऱ्या भागात जुन्या कामाची टूलची रेघसुद्धा तशीच चकचकीत होती. म्हणजे तिथे कॉलर पहिल्या दिवसापासून टेकलीच नव्हती.

झालं असं: थंड स्लीव्ह गरम ब्लॉकमध्ये पडली की स्लीव्ह तापून लांबीला वाढते आणि ब्लॉक निवून आकसतो. पकड जर खालच्या भागात आधी आली, तर वाढणारी स्लीव्ह वरच्या बाजूला उचलली जाते आणि कॉलर खाचेतून किंचित वर येते. म्हणूनच ती प्रेसखाली दाबून ठेवायची असते, हाताला कोमट लागेपर्यंत, मिनिटभर नाही. आम्ही चहा पीत असताना ती पाच शतांश वर आली. मग आम्ही तिला त्या उचललेल्या अवस्थेतच फेसिंग करून 'सपाट' केली. पुढच्या गरम-थंडच्या फेऱ्यांत, ट्रॅकवरच्या मारात, ती आपल्या खऱ्या जागी जाऊन बसली. रात्रभर ठेवून, दोनदा तापवून-निववून फेसिंग केलं असतं तर हे गाळ्यातच कळलं असतं.

पुढे टॉर्क प्लेट बनवून त्याच बोअरचं माप घेतलं, तेव्हा तो साडेतीन शतांश लंबगोल निघाला. तोही भाग माझ्या घाईचा.

काका खाचेकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "माझा हात आधी निघाला." मी म्हणालो, "आणि घाई माझी होती."

दुसरा निर्णय

काकांनी तेच काम फुकट परत करून द्यायची तयारी दाखवली. खाच नव्याने कापायची, जाड कॉलरची स्लीव्ह, प्रेस, प्लेट, सगळं रीतसर. तांत्रिकदृष्ट्या त्यात काही चूक नव्हती. स्लीव्ह नीट बसवलेली रेसिंगची इंजिनं जगभर चालतात.

मालकाचा विश्वास उडाला होता. "दादा, सरळ सांगा, तुमच्या स्वतःच्या गाडीत काय टाकाल?"

ऑफिसला न्यायच्या गाडीत स्लीव्ह. ट्रॅकच्या गाडीत कोटिंग. हे मी त्याला तेव्हा सांगितलं आणि आजही तेच सांगेन. २० मीटर सेकंदाच्या वेगाने धावणाऱ्या पिस्टनला भिंतीतून उष्णता पटकन बाहेर जाणं हवं असतं, आणि बोअर पिस्टनसोबत फुगला तर क्लिअरन्स कमी ठेवता येतो.

पण या सिलिंडरला कोटिंगची वाट बंद झाली होती. ॲल्युमिनियमची स्लीव्ह घालून तिच्यावर कोटिंग करता येतं, पण मग दोन कामांचे धोके एकाच सिलिंडरात. दुसरा सिलिंडर शोधायचं ठरलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन दिवस फिरून एक सापडला, अपघातात क्रँककेस फुटलेल्या गाडीचा. बोअरवर एक उथळ ओरखडा, पाण्याच्या वाटा स्वच्छ, बोल्टच्या भोकांभोवती तडा नाही. खालचा पृष्ठभाग काचेवर ठेवून हलतो का ते पाहिलं. हलला नाही.

दक्षिणेच्या वर्कशॉपला फोन करून या वेळी चार गोष्टी आधी विचारल्या. जुनं कोटिंग पूर्ण उतरवता का. होनिंग डायमंडने करता का. टॉर्क प्लेट लावता का. आणि मापांचा कागद देता का. पहिल्या दोन्हीला हो, प्लेट तुम्ही पाठवली तर लावू, कागद देऊ. काकांनी प्लेट बनवली आणि सिलिंडर, पिस्टन, प्लेट असं एकत्र पार्सल गेलं.

तीन आठवड्यांचे पाच झाले. रोज फोन करावासा वाटायचा, एक दिवसाआड करायचो.

पार्सल आल्यावर त्यांच्या कागदावर विश्वास ठेवून काम सुरू केलं नाही. प्लेट कसून सहा ठिकाणी पुन्हा मोजलं. लंबगोलपणा ०.००६, वर-खालचा फरक ०.००८, क्लिअरन्स ०.०५. खालच्या कडेच्या चॅम्फरवर (तिरप्या कापावर) नख फिरवून थर कुठे सुटतोय का ते बघितलं, कारण सोलायला लागलं तर तिथून लागतं. मग गरम साबणाच्या पाण्याने धुतला, पांढरं फडकं फिरवलं, करडं निघालं, परत धुतला. पाचव्या वेळी फडकं पांढरं राहिलं. होनिंगची ती करडी पूड आत राहिली तर आपणच आपल्या हाताने धूळ भरल्यासारखं.

रिंगांची फट पिस्टनच्या कार्डाप्रमाणे फाइलने काढली. मोजली ती बसवायच्या बोअरमध्येच.

निकाल

एप्रिल २०२४ मध्ये गाडी पुन्हा रस्त्यावर. ५०० किलोमीटरला लीक-डाउन ६ टक्के, ३,००० ला तेवढंच. त्या तीन हजारांत तेल वरून घालावं लागलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये तो पुन्हा चेन्नईला गेला, दोन्ही दिवस सगळी सेशन्स केली, टेंपरेचर जागचं हललं नाही.

हिशेब मात्र गोड नाही. स्लीव्ह एक, गॅस्केट-कूलंट आणि टेम्पो धरून अर्धा, जुना सिलिंडर पाऊण, कोटिंग अडीच. बेरीज पावणेपाच. नवी जोडी साडेतीनला होती, तीन-चार आठवड्यांत, आणि पहिल्याच ट्रॅक-डेला कदाचित पोचलीही असती. वाया गेलेली ट्रॅकची फी यात धरलेलीच नाही. माझ्या मजुरीतली दुसऱ्या वेळची रक्कम मी घेतली नाही, ते योग्यच होतं.

स्लीव्हचा सिलिंडर भंगारात गेला नाही. काकांनी तो शब्दाप्रमाणे परत केला. प्रेसखाली दाबून ठेवला, रात्रभर ठेवला, दोनदा भट्टीत घालून निववला आणि मग फेसिंग. चहा सगळं झाल्यावर प्यायले. नाहूरच्या एका मुलाच्या अशाच गाडीत कंपनीच्या मापाच्या पिस्टनसोबत बसवला. तो शहरात फिरतो, फार तर गोव्याला जातो, सात हजारांच्या वर इंजिन क्वचित नेतो. त्याचे ११ हजार किलोमीटर झालेत, तक्रार नाही.

आज काय वेगळं करतो

पिस्टन घेऊन येणाऱ्याला मी आता खोकं उघडू देत नाही. आधी बोअरचं माप, मग खरेदी. तारीख ठरलेली असेल तर इंजिन न बांधता दुसऱ्या गाडीवर जा म्हणून सांगतो. दोन गिऱ्हाइकं त्यामुळे गेली. टॉर्क प्लेट साकीनाक्याच्या गाळ्यात खिळ्याला टांगलेली असते, तिच्यावर काकांनी खडूने '३९०' लिहून ठेवलंय.

फ्री-फ्लो फिल्टरला माझा विरोध नाही, पण तो बसल्यावर एअरबॉक्सच्या आत टॉर्च ठेवून बाहेरून अंधारात बघतो. कुठूनही उजेड दिसला तर फिल्टर परत. या गाडीला शेवटी कंपनीचाच फिल्टर घातला आणि ओठाला सगळीकडून ग्रीसची पातळ रेघ ओढली.

परवा तो फिल्टर साफ करायला आला होता. एलबीएस मार्गावर काम अजून चालूच आहे. एअरबॉक्स उघडून थ्रॉटल बॉडीकडच्या बाजूने बोट फिरवलं, बोट स्वच्छ निघालं. ग्रीसची रेघ बाहेरच्या अंगाने करड्या पुडीने इतकी माखली होती की तिचा मूळ रंग कळत नव्हता. ती पुसली, नवी ओढली आणि झाकण लावलं.